जिभेचा रकाना

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं त्याला वर्ष होत आलं होतं, आणि हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. धाकटी घरी परत आली त्या दिवसापासून ते सुरू झालं होतं. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, सहा वर्षांनी लहान. थोरलीने तिला कडेवर खेळवलं, तिचा शेंबूड पुसला, शाळेत जाताना तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. तीच बहीण पाच वर्षं परक्या स्वयंपाकघरांत राबून, हातांवर भाजल्याचे डाग घेऊन आली आणि मामांच्या हॉटेलात मुख्य आचारीण म्हणून उभी राहिली. त्या दिवशी दारात तिची बॅग थोरलीनेच घेतली होती आणि गळ्यात पडून रडलीही होती. ते रडणं खोटं नव्हतं.

मामांचं हॉटेल बारा टेबलांचं. वर जेवायची खोली, खाली स्वयंपाकघर, आणि मधल्या जिन्याच्या वळणावर काचेच्या दाराचं थंड कपाट. त्यात वाइनच्या बाटल्या आडव्या निजलेल्या असत आणि कपाटाची किल्ली थोरलीच्या कमरेला असे. मामा आईचे मोठे भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून या दोघी भाच्या लहानपणापासून हॉटेलच्या माडीवरच वाढल्या. मामांचं नाक धंद्यात नावाजलेलं. पेला नाकापर्यंत पोचायच्या आत ते द्राक्ष कुठल्या उतारावरचं ते सांगत आणि वर पैज लावत.

तीन वर्षांपूर्वी मामांना ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. भाजी करपली तरी त्यांना कळेना, गॅस उघडा राहिला तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा नाही येणार. जीभ अजून शाबूत आहे, पण तीही पुढेमागे मंद झाली तर घाबरून जाऊ नका. ज्याने आयुष्यभर नाकावर भाकरी कमावली त्याला असा दिलासा देणाऱ्याला काय म्हणावं. मामा मात्र खचले नाहीत. जीभ आहे ना, मग निम्मं दुकान चालू आहे, असं म्हणून त्यांनी कामाची नवी रीत घातली.

रीत अशी. नवी वाइन आली की दुपारी तीन ते पाच, हॉटेल बंद असताना, ती चाखायची. बाटलीला जाड कापडी खोळ घालायची, कारण लेबल बोलायला लागलं की जीभ गप्प बसते असं मामांचं मत. समोर एक कार्ड, मधोमध रेघ मारलेलं. डावीकडे जिभेचा रकाना, तो मामांचा. आंबट किती, खारट किती, कडू किती, अंगाने भरलेली की पाणचट, एवढंच जीभ सांगू शकते. उजवीकडे नाकाचा रकाना. आधी मामा घोट घेऊन डावीकडे लिहीत, मग शेजारी बसलेलं माणूस वास घेऊन उजवीकडे लिही आणि मामांना मोठ्याने वाचून दाखवी. ऐकता ऐकता मामा दुसरा घोट घेत आणि दोन्ही अर्धुकं मनात जुळवत.

शेजारी बसणारं ते माणूस म्हणजे थोरली. गेली तीन वर्षं नाकाचा रकाना तिचा होता. त्यासाठी तिने पुस्तकं पाठ केली, बाजारातून सतरा प्रकारची फळं आणून डोळे मिटून हुंगली, कॉफी सोडली, तिखट सोडलं, अत्तर तर सोडलंच सोडलं. लग्न का नाही केलंस असं कुणी विचारलं की ती म्हणे, नवरे लोक फार वास मारतात. लोक हसत. पण खरं सांगायचं तर मामांच्या शेजारच्या त्या दोन तासांसारखं दुसरं काही तिला आयुष्यात हवंसं वाटलंच नव्हतं.

मग एका दुपारी तिची दाढ काढायची होती, आणि नाकाच्या रकान्यासमोर धाकटी बसली.

थोरली गालात कापूस धरून परत आली तेव्हा दोघं अजून बसलेली होती. कार्डावर उजवीकडे धाकटीने काही लिहिलंच नव्हतं. ती मामांकडे वळून बोलत होती, की तुम्ही आम्हाला नदीवर न्यायचात ना, आणि बुटाच्या टोकाने एखादा दगड उलटा करायचात, त्या दगडाच्या खालच्या बाजूला यायचा तो वास आहे हा. मामांनी डोळे मिटले. नाकपुड्या फुलल्या. "आला," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

तीन वर्षांत थोरलीने त्यांना नाशपाती वाचून दाखवली होती, ओला दगड वाचून दाखवला होता, मध आणि सुकं गवत वाचून दाखवलं होतं. त्यांनी नेहमी मान डोलावली होती. "आला" असं एकदाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी दाढ दुखत नव्हती तेवढी ती दोन अक्षरं दुखली. म्हणजे बघा, आपण आणलेला मोती आणि आपल्याच नाकाला जड.

त्यानंतर मामा अधूनमधून सहज विचारल्यासारखं म्हणू लागले, अगं, धाकटी रिकामी असेल तर तिलाही बोलाव. धाकटी पदराला हात पुसत येई, कोपऱ्यावर टेकून बसे, एखादं वाक्य बोले आणि मामांचं तोंड उजळे. थोरलीचा तिळपापड होई. धाकटीत काही खोट निघेल म्हणून तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. ती आळशी नव्हती, उर्मट नव्हती, मामांच्या पुढेपुढे करत नव्हती. एवढंच काय, ती प्रत्येक वाक्याआधी "ताईला जास्त कळतं, पण" असं म्हणायची. एखादी बहीण वाईट असली तर तिचा हेवा करायला सोपं जातं. हिने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

अशात वाइन आणणाऱ्या बाई आल्या. परदेशी वाइनचा त्यांचा व्यापार, आणि यावेळी त्यांच्या पेटीत पोर्तुगालची एक पांढरी वाइन होती. एकाच मळ्याची, एकाच द्राक्षाची, एकाच वर्षाची, पण दोन तऱ्हांची. द्राक्षाचा रस आंबून झाला की तळाशी यीस्टचा साका बसतो. पहिल्या तऱ्हेत रस लगेच साक्यावरून काढून स्वच्छ टाकीत भरलेला. दुसरीत तो नऊ महिने त्या साक्यावरच ठेवलेला, आणि दर आठवड्याला एक माणूस पिंपात काठी घालून सगळं हळूहळू ढवळणार. साका वाइनला काय देतो, असं थोरलीने विचारलं. बाई म्हणाल्या, लोणच्याला मुरणं जे देतं ते.

त्या दिवशी मामांनी आधी पहिली चाखली. डावीकडे लिहिलं, आंबट, सडपातळ, ठीक. मग साक्यावरची चाखली, आणि पेन्सिल हातातच राहिली. ती जिभेवर पसरली म्हणाले, सायीसारखी, आणि मग कडांना आंबट, आणि अगदी शेवटी मिठाचा कण. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. जिभेचा रकाना पहिल्यांदाच काठोकाठ भरला. मग ते जे बोलले ते थोरलीने आणि धाकटीने दोघींनी ऐकलं. तापानंतर ही पहिली वाइन, जी मला पुरती लागली, हिच्यासाठी कुणाचं नाक उसनं घ्यावं लागलं नाही.

बाई खूश झाल्या. त्यांची एक अट होती. ही वाइन शहरात एकाच हॉटेलाला द्यायची, आणि तीही तिच्या तोलाचा पदार्थ ताटात असेल तर. येत्या शनिवारी दुपारी एक वाजता त्या जेवायला येणार होत्या. दोन्ही तऱ्हांच्या चार-चार बाटल्या ठेवून त्या गेल्या.

मामांनी संध्याकाळी दोघींना समोर बसवलं. दोघींनी आपापला पदार्थ ठरवायचा, शुक्रवारी दुपारी तो साक्यावरच्या वाइनबरोबर चाखायचा. जो जमेल तो बाईंना वाढायचा. "आणि जिचा जमेल, तीच यापुढे माझ्या शेजारी बसेल," ते म्हणाले. "दोन-दोन नाकं एका जिभेला झेपत नाहीत. मला एकीची सवय करायची आहे."

धाकटी म्हणाली, मला कशाला, ताई आहेच की. मामांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. थोरलीने मात्र हे बघून ठेवलं, की अट सांगताना मामा आपल्याकडे पाहत नव्हते. निवड मनात झालेली असावी आणि परीक्षा फक्त तिची समजूत काढायला ठेवलेली असावी, असं तिला वाटलं. असेलही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं हेवा करणाऱ्याच्या मनात बारा महिने उजेड असतो, त्याला नको ते सगळं स्पष्ट दिसतं.

तिने मासा निवडला. लोखंडी जाळीवर भाजलेला मासा, वर लोणी आणि लिंबाची आंबटसर पातळ चटणी. पांढरी वाइन म्हटली की मासा आणि मासा म्हटला की लिंबू, यात चूक निघायची शक्यताच नव्हती. धाकटीने निवडला फ्लॉवर. थोरलीला हसू आलं. पाहुणीला फ्लॉवर वाढणार ही, जसं काही डबा भरून द्यायचाय. पण गुरुवारी ती सहज खाली गेली तेव्हा धाकटी अख्खा गड्डा मंद आचेवर तास-दीड तास भाजत होती, कढईत लोणी बदामी होईपर्यंत तापवत होती, त्यात बदामाचे काप टाकत होती, वर जुनं कडक चीज किसत होती. वास जिन्यापर्यंत आला होता. साक्यावरच्या त्या वाइनच्या पेल्यात जे काही होतं, भाजलेल्या पावाचं कवच, बदाम, कोमट साय, ते सगळं त्या कढईत बसलेलं होतं. थोरलीचं नाक पुस्तकी असेल, पण खोटं नव्हतं. आपण हरलो हे तिला तिथेच जिन्यात कळलं.

शुक्रवारी दुपारी हॉटेलचं दार आतून लावलं. नियम असा ठरला होता, की जिचा पदार्थ तिने टेबलाशी बसायचं नाही, दुसरीने बसायचं. म्हणजे नजरेने खुणा नकोत. बाटल्या मात्र थोरलीनेच आणायच्या आणि ओतायच्या, कारण कपाट तिचं. प्रत्येक पदार्थाला नवी बाटली, कारण उघडलेली वाइन वाऱ्याने बदलते आणि दुसऱ्याला उगाच फायदा होतो.

आधी मासा. थोरलीने साक्यावरची बाटली खोळ घालून आणली, ओतली आणि जिन्याच्या दारामागे जाऊन उभी राहिली. तिच्या खुर्चीत धाकटी बसली होती.

तिला सगळं ऐकू येत होतं. मामा घास घेत होते, घोट घेत होते. मासा उत्तम आहे म्हणाले. वाइनही आहे. पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत, असं का होतंय. धाकटीने पेला पुन्हा हुंगला. मग म्हणाली, की वाइनमध्ये लिंबू आधीच आहे ना मामा, त्यावर आणखी लिंबू आलं, एका घरात दोन सासवा झाल्या. मामा खो खो हसले. धाकटी पुढे म्हणाली, ताईचा मासा मात्र असा भाजलाय की मला जन्मात जमणार नाही, फक्त लिंबू काढून टाकलं तर हाच बाईंना वाढावा, माझं फ्लॉवरचं राहू दे.

हे ऐकून एखादीचे डोळे भरून आले असते. थोरलीचं अंग पेटलं. हरवायचं ते हरवायचं, आणि वर पाठीवरून हात फिरवायचा? तिला दान नको होतं. तिला मामांचं ते खो खो हसू हवं होतं, जे तिला तीन वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं आणि जे धाकटीने येता जाता खिशात टाकलं होतं.

ती वळणावर गेली आणि कपाट उघडलं. वरच्या फळीवर साक्यावरच्या बाटल्या होत्या, खालच्या फळीवर दुसऱ्या, सडपातळ, साक्याशी ओळख नसलेल्या. काच तीच, बूच तेच, रंगात केसाचा फरक. तिने फार विचार केला असं नाही. तिचा हात खालच्या फळीकडे गेला, बाटली निघाली, खोळीत गेली, बूच निघालं. एवढ्या वेळात चहासुद्धा उकळत नाही.

धाकटी फ्लॉवरची थाळी ठेवून, मामांकडे बघून एकदा हसून, खाली निघून गेली. थोरली आपल्या खुर्चीत बसली आणि ओतलं.

मामांनी घास घेतला, चावला, घोट घेतला. थांबले. पुन्हा घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. भुवया जवळ आल्या. मग घास न घेता नुसता घोट. मग पाणी प्यायले, जीभ टाळ्यावर घासली आणि परत घोट. थोरलीने पाहिलं, त्यांच्या हातातली पेन्सिल डाव्या रकान्यावर टेकली होती आणि पुढे सरकत नव्हती.

"तीच आहे ना ही?" त्यांनी विचारलं.

"तीच."

"नाकाला काय येतंय?"

तिने पेला उचलला. पेल्यात हिरवं सफरचंद होतं आणि लिंबाची साल होती, बाकी काही नव्हतं. ती म्हणाली, भाजलेला पाव, बदाम, साय. पाठ होतं सगळं.

मामांनी मान डोलावली. पेन्सिल कार्डावर आडवी ठेवली. खूप वेळ ते थाळीकडे बघत बसले आणि थोरलीला वाटलं, ते आता म्हणतील, फ्लॉवर जमला नाही. तेवढंच तिला हवं होतं. ते म्हणाले, "म्हणजे जीभही गेली."

तिला आधी समजलंच नाही. मामा शांतपणे बोलत होते, जसं काही पावतीची वही संपली आहे. मघाशी माशाबरोबर होती, थोडी तरी होती. आता काही नाही, आंबट पाणी आहे नुसतं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मला वाटलं होतं अजून दोन-तीन वर्षं मिळतील. मग त्यांनी डाव्या रकान्यात काही न लिहिताच कार्ड तिच्याकडे सरकवलं. "आता दोन्ही रकाने तूच भर. वाइनची यादी तुझी, कपाट तुझं, चाखणं तुझं. मी दारात उभा राहून लोकांना या-बसा म्हणेन. आणि धाकटीला जिभेचं सांगू नकोस, ती रडत बसेल. तिला सांग, पदार्थ जमला नाही."

खरं लपवण्यात अर्थ नाही. थोरलीला त्या क्षणी आनंद झाला. लाज वाटण्याआधी, भीती वाटण्याआधी, आनंदच झाला. मामांनी "तूच" म्हटलं होतं. हे ऐकण्यासाठी ती तीन वर्षं फळं हुंगत होती.

मग ती चाखण्याचे पेले घेऊन खाली गेली आणि धाकटीला सांगितलं. धाकटीने पेले लगेच धुवायला घेतले, ते काम मोरीतल्या मुलीवर सोपवायचं नाही असा तिचा कटाक्ष. तिने मान वर करून बहिणीकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "बरं," ती म्हणाली. "मग उद्या मासा. लिंबू काढू या का ताई?" थोरली म्हणाली, काढू. धाकटीने हुशारीने काढायला सांगितलेलं ते लिंबू उद्या थोरलीच्या नावावर जमा होणार होतं.

संध्याकाळी हॉटेल भरलं. मामा खरंच दारात उभे राहिले. या, बसा, म्हणत राहिले. रोज रात्रीच्या जेवणाआधी ते खाली जाऊन प्रत्येक पातेल्यात चमचा बुडवत आणि मीठ बघत. त्या दिवशी गेले नाहीत. धाकटीने रस्सा चाखायला वर पाठवला, तर तसाच परत पाठवला आणि निरोप दिला, तुम्हीच बघा. घरच्यांच्या पंगतीत त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. कसं लागतंय विचारलं तर म्हणाले, ऊन आहे. माणसाने जीभ गेली असं मनावर घेतलं की ती खरंच जाते की काय, असं थोरलीच्या मनात आलं. खाई त्याला खवखवे. एवढा मोठा माणूस, आणि तिने दोन बाटल्यांची अदलाबदल करून त्याचं तोंड बंद करून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता मामा वर एकटेच बसले होते. समोर जुन्या कार्डांचा खोका होता आणि ते त्यावर दोरी बांधत होते. काय करताय, असं तिने विचारलं. माळ्यावर टाकतो, म्हणाले, तुझी नवी सुरू कर.

ती कपाटाकडे गेली. वरच्या फळीवरची एक बाटली घेतली, खालच्या फळीवरची एक घेतली. खोळ घातली नाही. दोन पेले मामांपुढे ठेवले, दोन्हींत ओतलं, आणि उभ्यानेच म्हणाली, "काल फ्लॉवरबरोबर मी ही ओतली. साक्यावरची नाही. ही."

मामांना समजायला वेळ लागला. त्यांनी बाटल्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. का, असं विचारतील आणि मग आपण सांगू, असं तिने ठरवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सडपातळ वाइनचा घोट घेतला, पाणी प्यायले. मग दुसरा पेला उचलला. पेल्याची कड दातांवर वाजली. घोट तोंडात धरून ते बसून राहिले.

"आहे," ते म्हणाले. "आहे गं. साय आहे. मीठ आहे."

त्यांनी तिचं मनगट घट्ट पकडलं आणि डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही. थोडा वेळ ते फक्त घोट घेत होते आणि मान हलवत होते, आणि थोरलीला वाटलं, सुटले. मग त्यांनी मनगट सोडलं. काल संध्याकाळपासून आपण काय काय मनात आणलं ते सांगितलं. हॉटेल विकायचा विचार केला होता म्हणाले. आवाज चढवला नाही. "तू नाकाने कधी चुकली नाहीस," ते म्हणाले, "म्हणून तर मी माझ्या जिभेवर संशय घेतला. तुझ्यावर घ्यायचं सुचलंच नाही मला."

थोरलीने मान खाली घातली. माफ करा म्हणाली, तेही धड उमटलं नाही. मामा म्हणाले, शेजारी धाकटी बसेल. कपाटाची किल्ली तुझ्याकडेच ठेव, तू आपण होऊन सांगितलंस एवढं मी धरून चालतो. पण तिला हे मी सांगणार नाही. तूच सांग, आत्ता जा.

जिना सोळा पायऱ्यांचा. तो उतरता उतरता तिने निदान पाच वाक्यं जुळवली. खाली धाकटी रात्रीच्या गोडासाठी फळीवर बदाम कापत होती, सुरी टक टक टक चालली होती. जुळवलेलं वाक्य एकही आठवलं नाही. थोरलीने सरळ सांगून टाकलं, की काल तुझा पदार्थ हरला नव्हता, मी बाटली बदलली.

सुरी थांबली नाही. "माहीत आहे," धाकटी म्हणाली. "पेले मी धुतले ना. तुझ्या पेल्यात तळाला घोटभर होती. साक्याचा वास नव्हता तिला."

मग बोलली का नाहीस, असं थोरलीने विचारलं तेव्हा तिचा आवाज चोरी सापडलेल्या माणसासारखा नव्हता, चोरी झालेल्या माणसासारखा होता.

"मला वाटलं, तुला ते इतकं हवं असेल तर असू दे." धाकटीने बदाम वाटीत सारले. "मला स्वयंपाक आहे. तुला दुसरं काय आहे?"

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. ते खरं होतं म्हणून म्हटलं होतं, आणि थोरलीला ते टोमण्याहून जास्त लागलं. मग तिने मामांच्या जिभेचं सांगितलं. मामांना काय वाटलं होतं, ते ताट का सारत होते, खोक्याला दोरी का बांधत होते. तेव्हा सुरी थांबली. धाकटीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कानांपर्यंत लाल झाला. कालपासून? तिने विचारलं. मामा कालपासून असं समजून बसले होते? आणि तू त्यांना दारात उभं राहू दिलंस?

"चिड माझ्यावर," थोरली म्हणाली. "एकदा तरी चिड. थोबाडीत मार हवं तर."

"चिडलेय," धाकटी म्हणाली. "इतकी चिडलेय की मला तुझं तोंड बघवत नाहीये. पण बाई एक वाजता यायच्यात आणि फ्लॉवरला दीड तास लागतो. तू बदामाला बस. पातळ काप, काल जाड झाले होते."

तिने सुरी बहिणीकडे सरकवली, मुठीची बाजू पुढे करून, आणि भट्टी पेटवायला गेली. थोरली बसली आणि बदाम कापू लागली. पातळ, आणखी पातळ. तिच्या पाठीमागे धाकटी लोणी तापवत होती, मीठ मोजत होती, मोरीतल्या मुलीला शांतपणे काम सांगत होती, आणि तिचा राग कुठेतरी झाकण ठेवून बाजूला उतरवलेला होता, चार वाजल्यानंतर बघायला. थोरलीने आयुष्यात एकही राग असा बाजूला उतरवून ठेवला नव्हता. तिला त्याचाही हेवा वाटला.